तिकिटांपलीकडचा प्रवास

दळणवळणावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला माजरी जंक्शनवर आकडे भरपूर मिळतात. दिल्ली-चेन्नई मार्गावरून येथे वणी-आदिलाबादकडे फाटा फुटतो. कोळशाच्या वाघिणींचा हिशेब टनावारी असतो. माणसांचा तसा नाही. 2011 च्या जनगणनेने कामावर जाण्याचे अंतर व साधन नोंदविले खरे. परंतु शेतकरी व शेतमजूर त्यातून वगळलेले! चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात तेंदूपाने, मोहफुले वेचण्यासाठी होणारी पायपीट मग कोणत्या तक्त्यात शोधावी?

गाडगीळ व गोगटे यांनी मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांच्या मोटार वाहतुकीची पाहणी 1935 साली प्रसिद्ध केली. अशा पाहणीचा वारसा सांगणाऱ्याने केवळ एस.टी. थांब्यावर प्रश्नावल्या भरून घेणे कसे पुरेल? थांब्यावर भेटतो तो प्रवास करू शकलेला माणूस. म्हणून नमुना घरांमधून निवडावा, आणि उन्हाळ्यातील फेरीनंतर पावसाळ्यात त्याच घरी पुन्हा जावे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क अनेकदा तुटला आहे. त्या दिवसांत कोणाला कोठे जायचे होते आणि जाणे का राहिले, यासाठीही नोंदवहीत रकाना हवा.