सांधा हाताने घडवताना

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण ट्रॉलीचा प्रश्न पाहिला. फिलिपा फुट यांनी १९६७ मध्ये तो मांडला तेव्हा निवड चालकाला करायची होती. ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी १९८५ च्या निबंधात रुळाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती खटका दिला. हे चित्र आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं. एक रेघ, पुढे तिच्या दोन रेघा. पण रेघेला फाटा फुटतो तिथे प्रत्यक्षात काय असतं, ते आम्हाला निवृत्तीनंतर कळलं, तेही टेबलावर. म्हणून आज फक्त सांधा.

गाडी ज्या जागी रूळ बदलते तो सांधा, आणि तो बदलणारा सांधेवाला, हे शब्द आपल्याला ठाऊक आहेत. मॉडेल रेल्वेसाठी तयार सांधे विकत मिळतात, पण ठराविक मापांतच. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांतला एकही बसेना. म्हणून हाताने करायला घेतला. प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर.

आधी सांध्याचा नकाशा कागदावर छापून पाटावर चिकटवायचा. त्यावर स्लीपरच्या जागी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या, म्हणजे रूळ त्यांना थेट सोल्डर करता येतो. प्रत्येक पट्टीवरचा तांब्याचा थर मध्ये कानशीने तोडायचा. हे विसरलात तर दोन्ही रूळ विजेने जोडले जातात आणि गाडी जागची हलत नाही. (आम्ही विसरलो होतो, हे सांगायला नकोच.)

मग फ्रॉग. दोन मार्गांचे आतले रूळ जिथे एकमेकांना छेदतात ते टोक. घोड्याच्या खुराखालच्या त्रिकोणी भागाला इंग्रजीत बेडूकच म्हणतात, त्यावरून हे नाव. आपले रेल्वेवाले क्रॉसिंग म्हणतात. १:६ चा सांधा असेल तर हा कोन साधारण साडेनऊ अंश. दोन रूळ तेवढे घासून, टोकाशी जुळवून सोल्डर करायचे. सरकते रूळ, म्हणजे टंग रेल, सुरीच्या पात्यासारखे निमुळते करावे लागतात. ते बाहेरच्या रुळाला पूर्ण टेकले पाहिजेत. ट्रॉलीच्या प्रश्नात खटका अर्धाच ओढावा असं एखादा विद्यार्थी हमखास सुचवतो. खऱ्या रेल्वेत पातं नीट टेकून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नलच मिळत नाही.

आम्हाला वाटत होतं, सांध्याचं सगळं मर्म या पात्यात आहे. निवड तिथे होते ना! पण आमचा एक डबा पात्यावरून सुखरूप जायचा आणि पुढे फ्रॉगवर घसरायचा. दर वेळी नाही, मधूनमधून. आठवडाभर आम्ही फ्रॉगचं टोक घासत बसलो. हात आता थोडा थरथरतो, त्यामुळे दोष हाताचाच असं ठरवूनही टाकलं. शेवटी विजेरी घेऊन रुळाच्या उंचीला डोळा लावला आणि डबा बोटाने ढकलला.

फ्रॉगपाशी चाकाच्या कडेला पलीकडे जाता यावं म्हणून रूळ तोडलेला असतो. त्या खाचेत त्या चाकाला वाट दाखवायला काहीच नसतं. ते काम समोरच्या रुळाला लागून बसवलेली गार्ड रेल करते. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट असतात; गार्ड रेल त्या बाजूचं चाक आतून धरते, म्हणून या बाजूचं चाक फ्रॉगच्या टोकावर आदळत नाही. आमची गार्ड रेल आपल्या रुळापासून अर्धा मिलिमीटर जास्त दूर बसली होती. आम्ही ती खाच डोळ्यांनी ठरवली होती. मोजायला हवं होतं ते फ्रॉगच्या टोकापासून गार्ड रेलपर्यंतचं अंतर, त्याला चेक गेज म्हणतात. १९३५ मध्ये मिलवॉकीला स्थापन झालेल्या एनएमआरए या अमेरिकन संघटनेचं पत्र्याचं मापक मिळतं, त्यावर हे माप असतं. ते आमच्या खणातच पडून होतं.

फ्रॉगला मग हात लावला नाही. समोरची पट्टी तापवून सरकवली, मापक बसवून पुन्हा सोल्डर केली, आणि तोच डबा वीस वेळा उलटसुलट नेला. एकदाही घसरला नाही.

फ्रॉगची वीज कशी बदलायची ते राहिलं; ते पुढच्या वेळी. तोवर प्रश्न असतील तर विचारा.