रब्बी वैरणीची कापणी केव्हा करावी?

रब्बी हंगामातील वैरणीच्या पिकास पाणी व खत वेळेवर देणारा शेतकरी कापणीस मात्र पुष्कळदा उशीर करतो. पीक आणखी आठ-दहा दिवस उभे ठेवले म्हणजे भारे वाढतील, असा त्याचा हिशेब असतो. भारे वाढतात हे खरे; परंतु गव्हाणीत टाकलेली जाड ताटे गाय हुंगून बाजूस सारते, दूध कमी होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी पेंड विकत आणावी लागते. शेतात मिळविलेले वजन अशा रीतीने गोठ्यात गमावले जाते.

याचे कारण पिकाच्या वाढीतच आहे. कोवळ्या पिकात पाला अधिक असतो व प्रथिनेही मुख्यतः पाल्यातच असतात. पीक पोटरीतून निसवू लागले की ताट लांबते, त्यात काष्ठमय तंतू साठतात आणि खालची पाने वाळू लागतात. पाण्याचा अंश वगळता ओट पिकात पोटरीच्या वेळी सुमारे 10 ते 12 टक्के प्रथिने असतात. दाणे हुरड्यावर येईपर्यंत ती 7 ते 8 टक्क्यांच्या आसपास उतरतात. याउलट पोटरीपूर्वीच सर्व पीक कापल्यास वैरण पाणचट निघते व उत्पन्नही थोडे येते. पोषण व उत्पन्न या दोहोंचा मेळ बसेल अशी वेळ साधणे, हेच कापणीचे खरे कसब होय.

ओट

बागायती भागात ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत पेरलेले ओट पीक एकदाच कापावयाचे असल्यास निम्मे पीक फुलोऱ्यात येताच कापावे. दोन कापण्या घ्यावयाच्या असल्यास पहिली कापणी पेरणीनंतर 50 ते 60 दिवसांनी करावी. त्या वेळी जमिनीपासून सुमारे 10 सेंटिमीटर बुडखे राखावे, म्हणजे नवे फुटवे जोमाने येतात. लगेच पाणी व नत्राचा हप्ता द्यावा आणि दुसरी कापणी निम्म्या फुलोऱ्यावर उरकावी. नत्र भरपूर दिलेल्या कोवळ्या पिकात नायट्रेट साचण्याचा संभव असतो. म्हणून अशी वैरण एकटीच न घालता कडब्याच्या कुट्टीत मिसळून घालावी.

फुलोरा एकदम येत असल्याने सर्व क्षेत्राची कापणी एकाच वेळी ओढवते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तुकड्यातुकड्याने पेरणी केल्यास ही अडचण टळते व रोज योग्य वयाची वैरण मिळते. जी वैरण शिल्लक राहील तिचा, दाणे चिकातून मऊ हुरड्यावर येत असताना, मुरघास करावा. त्या वेळी दाण्यात पिष्ट भरलेले असते व मुरण्यास लागेल इतकाच ओलावा पिकात उरतो.

रब्बी ज्वारी

मालदांडीसारखी ज्वारी दाणा व कडबा या दोहोंसाठी घेतली जाते. म्हणून येथे फुलोऱ्याचा नियम लागू नाही. दाणा पक्व होण्याची खूण पाहावी. दाणा कणसास जेथे चिकटलेला असतो त्या टोकाशी काळा ठिपका दिसला, म्हणजे दाण्याचे भरणे पुरे झाले. यापुढे पीक उभे ठेवल्याने दाण्याचे वजन वाढत नाही. पाला मात्र वाळून गळतो. कडब्यात प्रथिने 3 ते 4 टक्केच असतात. त्यातील पाला गळाला तर उरतात ती केवळ धाटे. या वेळी काढलेल्या दाण्यात ओल पुष्कळ असते. तो साठविण्यापूर्वी उन्हात चांगला वाळवावा. पेंढ्या सकाळच्या दवात, पाने नरम असताना बांधाव्यात, म्हणजे पाला मोडत नाही. मात्र गंज रचण्यापूर्वी त्या पूर्ण वाळल्या पाहिजेत, नाहीतर बुरशी धरते.

फुलोऱ्यापूर्वीची, विशेषतः पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी जनावरांस मुळीच घालू नये. तीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होण्याजोगे द्रव्य असते व त्याच्या विषाने जनावर थोड्याच वेळात दगावते. काढणीनंतर बुडख्यांस फुटणाऱ्या कोवळ्या कोंबांतही हाच धोका असतो. अशा रानात जनावरे मोकळी सोडू नयेत.

पेरणीची तारीख एक असली तरी थंडी, जमीन व पाणी यांप्रमाणे पिकाचे वय पुढे-मागे होते. म्हणून केवळ दिवस मोजून न थांबता पीक निसवू लागताच रोज शेतात फेरी मारावी आणि ओटाचा फुलोरा व ज्वारीचा दाणा पाहून विळा हाती घ्यावा. त्यासाठी वेगळा खर्च नाही. लाभ मात्र थेट दुधाच्या भांड्यात दिसतो.