डोकेदुखी मोबाइलची की आणखी कशाची?

मोबाइल कानाला लावला की डोके दुखते, झोप उडते, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. त्रास खराच असतो. पण तो लहरींमुळे होतो याला शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितले आहे.

तरीही शंका असेल तर बिनखर्चाचे उपाय करावेत. कन्नडकडच्या डोंगरात रेंज कमी असली की फोन जास्त जोराने लहरी सोडतो. म्हणून रेंज असेल तेथेच बोलावे. स्पीकर लावून फोन हातभर दूर धरावा. बोलणे थोडक्यात आटपावे. रात्री फोन उशाशी न ठेवता बंद करून कोनाड्यात ठेवावा.

मात्र सगळे खापर मोबाइलवर फोडू नका. कपाशीवर फवारणी करून आल्यावर डोके दुखले, मळमळले, घाम सुटला, नजर अंधुक झाली, तर ती विषबाधा असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशाच विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हा अंगावरचे कपडे बदला, साबणाने अंग धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच जवळचा दवाखाना किंवा संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठा. फोन नंतरही बंद करता येईल; गेलेली वेळ मात्र परत येत नाही.