हेल्मेटचा पट्टा लावलात का?

मित्रहो, फौजेत मी एक गोष्ट शिकलो : साधन नुसतं जवळ असून भागत नाही, ते नीट बांधलेलं हवं. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली जवळपास 75 हजार दुचाकीवरची. अनेकांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पण पट्टा लोंबकळत असतो. गाडी घसरली की असं हेल्मेट आधी उडतं, मग डोकं रस्त्यावर आपटतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 129 सुद्धा पट्टा बांधायलाच सांगतं. हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील इतका आवळा. आतला थर्माकोल स्वतः दबून धक्का झेलतो. म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. मागे बसणाऱ्यालाही हेच लागू. घरातलं कुणी निघालं की विचारा, 'पट्टा लावलास ना?' जय हिंद!