ओळख बाईची, चावी दुसऱ्याकडे

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबर २०२५वर गेली, तेव्हा सर्व्हर, ओटीपी आणि रांगा यांवर भरपूर लिहून झालं. पण महिना दीड हजार रुपयांसाठी बाईला स्वतःच्या आधारसोबत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधारही पडताळून द्यावं लागतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. नवरा आणि वडील दोघेही नसलेल्यांसाठी कागदपत्रांची वेगळी वाट काढली, तीही नंतर.

सोलापूरच्या पूर्व भागात ही ओळखीची भानगड जुनी आहे. तेलंगणातून आलेली पद्मशाली घरं, पुरुष यंत्रमागावर, बायका विड्या वळणाऱ्या. आडनाव तेलुगू, शाळेच्या दाखल्यावर ते मराठी वळणानं लिहिलेलं, आणि इंग्रजी स्पेलिंग टंकणाऱ्याच्या कानावर. ‘येमूल’ एका कागदावर ‘वाय’नं सुरू होतं, तर दुसऱ्यावर ‘ई’नं. शेजारणीला त्यात काही वावगं वाटत नाही. संगणकाला मात्र या दोन वेगळ्या बाया दिसतात. मग विड्या वळणाऱ्या बाईचा पीएफचा दावा नावाच्या दुरुस्तीत अडकतो. दुरुस्तीसाठी बुडणारा रोजही तिचाच.

इंटरनेटवर याच्या जवळचाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी उभा राहिला होता. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा पासवर्ड किती द्यायचा? एकाच ओळखीवर अनेक दारं उघडावीत म्हणून २००५ साली ब्रॅड फिट्झपॅट्रिक या प्रोग्रामरनं ओपनआयडी आणलं, २००७ साली ओऑथ आलं. दोन्ही खुले नियम, कुणा एका कंपनीच्या मालकीचे नसलेले. ‘गूगलनं साइन इन करा’ हे बटण त्याच घराण्यातलं. नियम खुले राहिले, दारावर बसणारे मात्र दोन-चार बड्या कंपन्याच उरल्या.

हा धोका किम कॅमेरॉननं आधीच ओळखला होता. गडी मायक्रोसॉफ्टच्या नोकरीतला, तरी त्यानं २००५ सालच्या आपल्या ‘ओळखीच्या नियमां’त लिहिलं ते कंपनीच्याच ‘पासपोर्ट’ या एकाच लॉगिनच्या सेवेच्या फसलेल्या अनुभवावरून. माणूस आणि दुकान यांच्या व्यवहारात तिसऱ्यानं का बसावं? आणि कामापुरती जेवढी माहिती लागते, तेवढीच मागावी. बँकेला पत्ता हवा असेल तर पत्ता. वय अठराच्या वर आहे का, एवढंच हवं असेल तर जन्मतारीख कशाला? माझ्या मते या विषयावर याहून शहाणं क्वचितच कुणी लिहिलं असेल.

आता हीच कसोटी आधारला लावून पाहू. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून कल मध्यवर्ती भांडाराला विचारण्याकडे राहिला. खरं तर आधारपत्रावरच्या क्यूआर कोडमध्ये आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. ती खरी की खोटी, हे इंटरनेट नसतानाही तपासता येतं; दिल्ली-बंगळुरूला विचारावं लागत नाही. डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानकसंस्थेनं २०१९ साली पडताळता येणाऱ्या दाखल्यांचं खुलं मानक ठरवलं, त्याचा गाभाही हाच: सही तपासा, माणसाचा माग काढू नका.

मग खिडकीवर अजून झेरॉक्सच का मागतात? सवय, दुसरं काय! मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं झेरॉक्स कुठेही देऊ नका, असं पत्रक काढलं. गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते मागेही घेतलं गेलं. सावध करणाराच सल्ला मागे घ्यावा, यातच सगळं आलं.

नावाच्या स्पेलिंगचा गोंधळ क्यूआरनं सुटणार नाही. तो सरकारी नोंदींनी घातलेला आहे, निस्तरायचाही त्यांनीच. पूर्व भागात वस्तीवर शिबिरं लावा, बाईला रोज बुडवून हेलपाटे घालायला लावू नका. आणि वाचकहो, कुणी झेरॉक्स मागितली तर आधी क्यूआर वाचायला सांगा. नाहीच ऐकलं तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ते मोफत मिळतं. फक्त त्यालाही ओटीपी लागतो, तेव्हा मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, हे आधी बघून घ्या.