बापूस, झील आणि मोटारसायकल

मंडळी, कुडाळ, कणकवली, मालवण ह्या आपल्या बाजारपेठांत फिरलात, तर मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या शेडी तुम्हांला जागोजागी दिसतील. त्यांतल्या कितीतरी शेडींत बापूस आणि झील दोघेही तेलकट हातांनी एकाच इंजिनावर वाकलेले असतात. होडी बांधणाऱ्या मेस्त्रीकडे जा, लाकडी खेळणी रंगवणाऱ्या सावंतवाडीच्या चिताऱ्याकडे जा, तीच जोडी दिसेल. आपल्याकडे हात शिकतो तो बापाच्या हाताकडे पाहून. आणि भांडणही बहुधा त्याच शेडीत होतं. बाप म्हणतो, चाललंय ते चालू दे. मुलगा म्हणतो, गिऱ्हाइकाला आता हे नको आहे. घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणून आपण हा विषय सोडून देतो. पण चूल धुरते का, हे नीट पाहिलं तर धूर कमी करता येतो.

म्हणून आज दोन घरांची हकिकत सांगतो. एक अमेरिकेतलं, दुसरं आपल्या महाराष्ट्रातलं. दोन्ही घरं मोटारसायकली बनवणारी. दोन्हींत बापलेकांचं एकमत झालं नाही. मात्र एका घरातला मतभेद कोर्टात गेला, दुसऱ्यातला गेला नाही. हा फरक कशामुळे पडला, तेवढंच आपल्याला पाहायचं आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ऑरेंज नावाचा परगणा आहे. तिथे पॉल ट्यूटल नावाचे गृहस्थ लोखंडी कठडे आणि जिने बनवण्याचा कारखाना चालवीत. त्यांच्या थोरल्या मुलाचंही नाव पॉलच. मुलगा बापाच्याच कारखान्यात कठड्यांच्या कामावर तयार झाला. १९९९ मध्ये बापाने मोटारसायकली बांधण्यासाठी 'ऑरेंज काउंटी चॉपर्स' ही वेगळी कंपनी काढली.

चॉपर म्हणजे काय? 'चॉप' म्हणजे छाटणे. तयार मोटारसायकलीचे जादा वाटणारे भाग छाटून तिला आपल्या मनासारखा आकार द्यायचा, ह्यातून हा प्रकार निघाला. पुढे सांगाडाच पोलादी नळ्या वाकवून, झाळून नव्याने बांधू लागले. पेट्रोलची टाकी पत्रा ठोकून घडवायची आणि पुढचा चिमटा लांब करून तिरका पसरायचा. असा तिरका चिमटा सरळ रस्त्यावर गाडी स्थिर ठेवतो, पण वळणावर ती जड जाते. आपल्या आंबोलीच्या किंवा फोंड्याच्या घाटात अशी गाडी चालवणाऱ्याला घामच फुटेल. ह्या गाड्या साच्यातून निघत नाहीत. प्रत्येक गाडी एका गिऱ्हाइकासाठी, एका कल्पनेवर बांधलेली. न्यूयॉर्कवर ११ सप्टेंबर २००१ रोजी हल्ला झाला, त्यांत अग्निशामक दलाचे ३४३ लोक गेले. त्यांच्या स्मरणार्थ धाकट्या पॉलने बंबासारखी लाल मोटारसायकल बांधली, आणि तिने ह्या शेडीचं नाव सर्वतोमुखी केलं.

पुढे दूरचित्रवाणीवर त्यांच्या शेडीची मालिका सुरू झाली. लोक गाड्या पाहायला बसत आणि बापलेकांचं भांडण पाहत राहत. बापाला शिस्त हवी होती: वेळेवर या, शेड झाडा, काम तारखेला संपवा. मुलाला कल्पना सुचायला मोकळीक हवी होती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. तारीख चुकली की गिऱ्हाईक जातं, आणि कल्पना नसली तर गिऱ्हाईक येतच नाही. पण कुठल्या गोष्टीत कोणाचा शब्द शेवटचा, हे ठरलेलं नव्हतं. त्यामुळे कामावर यायच्या वेळेवरून निघालेली गोष्ट तुझं-माझं करीत आयुष्याच्या हिशेबावर जाई. शेवटी २००८ मध्ये अशाच एका भांडणात बापाने मुलाला कामावरून काढून टाकलं.

खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. कंपनीत मुलाचा वीस टक्के हिस्सा होता. तो विकत घेण्याचा हक्क आपल्याला आहे, असं म्हणून बाप कोर्टात गेला. दोघांमध्ये एक कागद झालेला होता. त्यात हिश्शाची किंमत वाजवी बाजारभावाने द्यायची असं होतं, पण तो भाव कोणत्या रीतीने काढायचा हे मागाहून ठरवू, असं ठेवलेलं होतं. खालच्या कोर्टाने बापाच्या बाजूने निकाल दिला. वरच्या कोर्टाने डिसेंबर २०१० मध्ये तो फिरवला. ज्या करारात किमतीची रीतच ठरलेली नाही, तो करार कोर्ट कसा बजावणार? म्हणजे पाहा, दोन कर्तबगार माणसं, हातात कसब, दारात गिऱ्हाइकांची रांग, आणि सगळं अडलं ते एका न लिहिलेल्या ओळीवर! मुलाने आपली वेगळी शेड घातली. बापलेक एकमेकांचे प्रतिस्पर्धी झाले. २०१८ मध्ये मालिका पुन्हा निघाली तेव्हा दोघे पुन्हा एकत्र दिसले, पण मधली दहा वर्षं गेली ती गेलीच.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना. तिथली चेतक स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली, आणि ती मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. ह्या कारखान्याची धुरा राहुल बजाज यांनी १९६८ पासून वाहिली. स्कूटर म्हणजे बजाज आणि बजाज म्हणजे स्कूटर, हे समीकरण त्यांच्या हाताने झालं.

त्यांचे थोरले चिरंजीव राजीव. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकले, पुढे इंग्लंडात वॉरिक विद्यापीठात शिकून १९९० च्या सुमारास कारखान्यात आले. त्यांनी पाहिलं की गिऱ्हाईक मोटारसायकलीकडे वळत आहे. त्याला कारणं होती. जुनी चेतक टू-स्ट्रोक इंजिनाची, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून जाळणारी. मोटारसायकलींत फोर-स्ट्रोक इंजिन आलं, ते तेवढ्याच पेट्रोलवर जास्त अंतर तोडतं. शिवाय स्कूटरचं चाक दहा इंची, मोटारसायकलचं सतरा-अठरा इंची. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोठं चाक सुखाचं, हे पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवरून मासळीचा क्रेट मागे बांधून जाणाऱ्याला विचारा. कारखान्याने २००१ मध्ये पल्सर ही मोटारसायकल आणली, ती चालली, आणि २००५ मध्ये राजीव व्यवस्थापकीय संचालक झाले. २००९ मध्ये त्यांनी ठरवलं, स्कूटर बंद करायची आणि सगळं बळ मोटारसायकलीवर लावायचं.

वडील तेव्हा कंपनीचे अध्यक्ष होते. जिच्यावर हयात घालवली ती वस्तू मुलगा बंद करतो म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं, आणि ते त्यांनी उघडपणे बोलूनही दाखवलं. पण निर्णय त्यांनी उलटवला नाही. कारखाना कोणी चालवायचा हे ठरलेलं होतं. ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे त्या कामाचा निर्णय, ही मर्यादा बापाने पाळली. धाकटे चिरंजीव संजीव यांच्याकडे पैशाच्या व विम्याच्या कंपन्या होत्या. त्यामुळे दोन भावांचे बांधही वेगळे आखलेले होते.

ह्या घराण्यात तंटे झालेच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. राहुल बजाज यांचा आणि त्यांचे बंधू शिशिर यांचा वाद बरीच वर्षं चालला. अखेर २००८ मध्ये समझोता झाला आणि साखर कारखान्यांची कंपनी शिशिर यांच्या वाट्याला आली. वाटणी वेदनेची असते, पण बांध घातल्यावर दोन्हीकडे पीक घेता येतं.

आणि स्कूटरचं काय झालं? पुढच्या काळात देशात बिनगिअरच्या स्कूटरचा खप फार वाढला. म्हणजे वडिलांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. २०१९ मध्ये चेतक हेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देऊन कंपनीने ती पुन्हा पुढे आणली. राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ रोजी वारले. त्याच वर्षी १० जूनला, त्यांच्या जन्मदिवशी, आकुर्डीला विजेच्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. बोलणं तुटलं नाही म्हणून मागे फिरायला वाट राहिली.

आता तुम्ही म्हणाल, कुठे आकुर्डीचा कारखाना आणि कुठे आमची पत्र्याची शेड! पण कागद शेडीलाही लागतो, उलट शेडीलाच जास्त लागतो. कंपनीत नियम आधीच लिहिलेले असतात, शेडीत सगळं तोंडावर असतं. आपल्याकडे १९३२ चा भागीदारी कायदा आहे. तो सांगतो की भागीदारी करारातून होते, नात्यातून होत नाही. बापाच्या शेडीत झील दहा वर्षं राबला म्हणून तो आपोआप भागीदार ठरत नाही. आणि भागीदारी केली, पण काहीच ठरवलं नाही, तर कायदा नफा-तोटा सारखा वाटतो आणि भागीदाराला कामाचा पगार नाही, असं धरतो. जो सकाळी आठ ते रात्री आठ शेडीत असतो आणि जो संध्याकाळी फक्त गल्ला मोजायला येतो, दोघे सारखेच! मग धुसफूस व्हायला वेळ तो किती?

म्हणून चार गोष्टी कागदावर घ्याव्यात. पहिली, प्रत्येकाचा हिस्सा किती आणि महिन्याचा मेहनताना किती. दुसरी, कोणत्या बाबतीत कोणाचा शब्द शेवटचा. उधारी बापाने पाहावी, यंत्रं कोणती घ्यायची ते मुलाने ठरवावं, असं काही. तिसरी, उद्या एकजण बाहेर पडला तर त्याच्या हिश्शाची किंमत कोणत्या रीतीने काढायची. ट्यूटल मंडळींची हीच ओळ राहिली होती. चौथी, पटलं नाही तर दोघांनी कोणाचं ऐकायचं. मामा असो, गावातले वकील असोत, नाव लिहून ठेवावं. हे सगळं घरात गोडी असतानाच करायचं. तुफान उठल्यावर नांगराचा दोर शोधून उपयोग नाही, हे किनाऱ्यावरच्या माणसाला मी काय सांगावं?

तरुण मेस्त्र्यांसाठी एक सूचना. अमेरिकेतली चित्रं पाहून गिऱ्हाइकाची गाडी वाटेल तशी कापू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी हवी. ह्या बाबतीत गाडीला हात लावू नको म्हणणारा बाप बरोबर असतो. पण मालवणच्या तंत्रनिकेतनातून शिकून आलेला मुलगा नव्या गाडीचा दोष संगणक जोडून शोधू म्हणतो, तेव्हा तो बरोबर असतो. नव्या गाड्यांत पेट्रोलचं माप कार्ब्युरेटर ठरवीत नाही, विजेचा मेंदू ठरवतो. तिथे नुसता कान लावून दोष सापडत नाही.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. हिशेबाच्या तासाला सुभाष आणि सुरेशच्या काल्पनिक भागीदारीऐवजी एखाद्या दिवशी बापलेकांच्या गॅरेजची भागीदारी फळ्यावर मांडा. भांडवल बापाचं, मेहनत मुलाची, नफा कसा वाटाल? मुलांना आपापसांत वाद घालू द्या, आणि मग जे ठरेल ते त्यांच्याकडून वहीत सही करून लिहून घ्या. त्यांतलीच काही मुलं उद्या एखाद्या शेडीत बापाशेजारी उभी राहणार आहेत.