जुन्या जीपचा थर्मोस्टॅट काढू नका, योग्य अंशाचा बसवा!



नाशिक जिल्ह्यातल्या कित्येक वस्त्यांवर आजही एखादी जुनी जीप उभी दिसते. महिंद्राच्या या जीपगाड्या मूळच्या अमेरिकन विलिस घडणीच्या. आधी पेट्रोलवर चालत. पुढे त्यांत ट्रॅक्टरच्या घराण्यातले आणि नंतर फ्रान्सच्या पूजो बनावटीचे डिझेल इंजिन आले. द्राक्षाचे क्रेट असोत की लग्नाचे वऱ्हाड, जीप नाही म्हणत नाही. पण उन्हाळ्यात कसारा घाट चढताना पाणी उकळले, की कोणीतरी सल्ला देतो, "आपल्या गरम मुलखात थर्मोस्टॅट कशाला? काढून टाका!" हा सल्ला फुकटचा खरा, पण महागात पडणारा आहे.

थर्मोस्टॅट करतो काय?

पिकाला पाणी देताना आपण दारे धरतो. एक वाफा भरला की मगच पुढचे दारे मोडतो. थर्मोस्टॅट इंजिनातले दारे धरतो. इंजिन गार असते तोवर तो पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. ठरलेला अंश आला की त्यातले मेण वितळून फुगते आणि झडप उघडते.

तो काढला तर इंजिन वेळेवर तापत नाही. निफाडकडे थंडीत पारा कधी कधी ५ अंशांखाली उतरतो. अशा सकाळी इंजिन बराच वेळ गारच फिरते. इंधन नीट जळत नाही, ते ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ करते. आत पाण्याचा अंश साठतो, गाळ धरतो. रिंगा आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट नसला की थोडे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून आतच फिरते आणि घाटात गाडी उलट जास्त तापते.

किती अंशांचा घ्यावा?

अंश थर्मोस्टॅटवरच कोरलेला असतो. गाडीच्या पुस्तकात दिलेला अंश पहिला मानावा. पुस्तक हरवले असेल तर हे ध्यानात ठेवा. पूर्वी थंड देशांत रेडिएटरमध्ये लवकर उडून जाणारा अल्कोहोल घालत, म्हणून ७१ अंशांचे थर्मोस्टॅट वापरात होते. पुढे ८२ अंशांचे रूढ झाले. जुन्या जीपला बहुधा ८२ अंशांचाच मानवतो.

८८ किंवा ९० अंशांचा मात्र घेऊ नये. कारण कोरलेल्या अंशाला झडप उघडू लागते. पूर्ण उघडायला आणखी सुमारे १० अंश लागतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. जुन्या रेडिएटरचे झाकण दाब फारसा धरत नाही. म्हणजे झडप पुरती उघडेपर्यंत पाणी उकळायला टेकलेले असते.

आणि कमी अंशाचा बसवला म्हणून घाटातले तापणे थांबत नाही. झडप पूर्ण उघडल्यावर पुढचे काम रेडिएटर, पंखा आणि पंपाचे. तेव्हा आधी पंख्याचा पट्टा, पाण्याचा पंप, झाकण आणि रेडिएटरच्या नळ्या तपासा. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने नळ्या बुजतात. शुद्ध पाणी व कूलंटच घाला.

घरी पारखून पाहा

नवा असो वा जुना, बसवण्याआधी थर्मोस्टॅट तारेने पाण्यात टांगा. तो तळाला टेकू देऊ नका. भांडे स्वयंपाकाचे नको, कारण कूलंट विषारी असते. १०० अंशांपर्यंतची तापमापी घ्या. ताप पाहायची थर्मामीटर इथे चालत नाही. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट ८० ते ८४ दरम्यान उघडू लागला आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडला, तर तो चांगला. गार झाल्यावर मिटलाही पाहिजे. बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला ठेवा.

एक गोष्ट मुलांनाही सांगून ठेवा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. उसळलेले पाणी तोंड-हात भाजून काढते.

थर्मोस्टॅटचा खर्च थोडका, इंजिन उतरवण्याचा मोठा. येत्या थंडीआधी आपल्या जीपमध्ये तो आहे की नाही, एवढे तरी मिस्त्रीला विचारून घ्या.